उष्टं ताट

कडूशेठनी कुणावर डोळे मिटून विश्वास टाकल्याचं बुऱ्हाणपुरात कुणी पाहिलं नव्हतं. गवळ्याचं दूध ते आधी बोटाने चाखत. पुजाऱ्याने तीर्थ दिलं, तर त्याने स्वतः घेतलं का ते तिरक्या नजरेने बघत आणि मगच हात पुढे करत. यात त्यांचा दोष थोडा आणि धंद्याचा जास्त होता. त्यांचं दुकान जरीचं. कारागीर सोनेरी तारेची रिळं घेऊन यायचा, देवाच्या शपथा घ्यायचा, आणि कडूशेठ एक अक्षर न बोलता त्यातला धागा तोडून दिव्यावर धरायचे. खरी जर असली, तर आतलं रेशीम जळून चांदी उजळ उरायची. खोटी असली, तर तांबं काळं पडायचं. शपथेपेक्षा दिवा खरा, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं.

नावही त्यांना संशयातूनच मिळालं होतं. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने याचं नाव कडू ठेवलं, की यमाने तोंड लावलं तरी थुंकून टाकावं. पाठच्याचं नाव भिकन, कारण तो म्हणे देवाकडून भीक मागून आणलेला. दोघं जगले, दुकान सांभाळू लागले, आणि कडूशेठ चाळिशीला आले तेव्हा खोकला सुरू झाला.

वैद्याचे काढे झाले, अडुळशाचा रस झाला. कडूशेठ प्रत्येक पुडी हुंगून बघत आणि त्यात काहीतरी कमी घातलंय असं म्हणत. मग एका सकाळी रुमालावर लाल ठिपका दिसला. तो त्यांनी पानाचा म्हणून खपवला. दुसऱ्या दिवशी भिकनने दुकान बंद ठेवून दादांना आणि मनकर्णावहिनीला खांडव्याच्या गाडीत बसवलं. तिथे एका डॉक्टरांनी विजेचं यंत्र आणलं होतं. ते छातीच्या आतला फोटो काढतं, असं लोक म्हणत. जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. असल्या यंत्राचं नाव काढलं तरी बायका पदर तोंडाला लावायच्या.

अंधाऱ्या खोलीत कडूशेठना उघड्या अंगाने एका गार पाटीला छाती टेकवून उभं केलं. श्वास रोखायला सांगितला. यंत्र घरघरलं आणि थांबलं. पुष्कळ वेळाने डॉक्टरांनी एक काळी काच खिडकीकडे धरून दाखवली. स्वतःच्या बरगड्या बघून कडूशेठच्या अंगावर काटा आला.

"इथं, उजव्या बाजूला वर, हा ढग दिसतो ना?" डॉक्टर म्हणाले. "हा जुन्या कसल्या तरी आजाराचा डाग असेल, नाही तर नवं काही असेल. मला एकट्याला खात्री देता येत नाही. काच मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतो. उत्तर आलं की निरोप धाडीन."

इथवर सगळं ठीक होतं. कडूशेठ बाहेर येऊन कोटाची बटणं लावू लागले, आणि मनकर्णा पाण्याचा तांब्या आत राहिला म्हणून परत गेली. तांब्या उचलायला किती वेळ लागतो? कडूशेठची बटणं लावून झाली, टोपी घालून झाली, तरी ती येईना. आली तेव्हा तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरलेला होता.

"काय म्हणून राहिला होता डॉक्टर?"

"काय म्हणणार? तुमच्यासमोरच तर सांगितलं सगळं. मुंबईहून जवाब आला की कळेल."

गाडीत सारा वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. कडूशेठ तिच्याकडे बघत होते.

घरी आल्यावर त्यांनी एकेक गोष्ट टिपायला सुरुवात केली. दुसऱ्याच सकाळी मनकर्णाने लेकीला, उषाला, निंबोल्याला मामाकडे पाठवून दिलं. म्हणे केळीच्या मळ्यात चार दिवस मोकळी खेळेल. आत्ताच कशी आठवण झाली मळ्याची? भिकन दुकानात एकाएकी गोड बोलू लागला. एरवी दादांशी वाद घातल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. आता तो "तुम्ही सांगाल तसं, दादा" म्हणायचा. शेजारच्या मालूबाई दारात उभं राहून "तब्येत कशी आहे शेठजींची?" असं विचारून गेल्या. त्यांना कुणी सांगितलं?

पण खरा घाव बसला तो ताटावरून.

मनकर्णा लग्न होऊन आली त्या दिवसापासून नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवत होती. त्या घरातल्या सगळ्याच बायकांची तशी रीत होती. कडूशेठ हात धुवायला उठत, आणि ती त्याच ताटात, त्याच पाटावर स्वतःचं वाढून घेई. हे इतकं रोजचं होतं, की कडूशेठनी त्याकडे कधी पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. हात धुऊन ते पडवीतल्या दाराआड थांबले. मनकर्णाने त्यांचं ताट उचललं, परसात नेलं, त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि राखेने घासून घासून ते उन्हात पालथं घातलं. मग आत येऊन फडताळातली एक जुनी थाळी काढली आणि तीत जेवायला बसली.

कडूशेठ मटकन खाली बसले. म्हणजे डॉक्टरने हिला सांगितलं! मुंबईचं उत्तर ही नुसती थाप. भिकनला माहीत आहे, मालूबाईला माहीत आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि ज्याची छाती आहे त्यालाच तेवढं माहीत नाही. ते घाबरले. आपण मरणार, हे शब्द त्यांनी मनात पहिल्यांदा उच्चारले. त्यानंतर घास गिळेना. पडल्या पडल्या ते स्वतःचा श्वास मोजत राहिले, तो आत नीट जातो का याची पाळत ठेवत राहिले. डोळा लागला नाही.

दुसऱ्या कुणी बायकोला सरळ विचारलं असतं. कडूशेठ विचारणारे नव्हेत. विचारलं की माणूस शपथ घेतो, आणि शपथेची किंमत त्यांना ठाऊक होती.

दुपारी वरण-बट्टी होती. कडूशेठनी अर्धी बट्टी मुद्दाम मोडून ताटात ठेवली, वरणात बोटं फिरवली, पेल्यातलं पाणी अर्धं पिऊन तसंच राहू दिलं. मग हात न धुता पाट मागे सारून बसले.

"उषाची माय, बस जेवायला."

"बसते ना. तुम्ही उठा तर खरं."

"मी इथंच बसतो आज. तू जेव. ह्याच ताटात."

मनकर्णाचा हात वाढायच्या पळीवर थांबला. किती वेळ थांबला हे सांगता येत नाही. कडूशेठना तो वेळ फार लांब वाटला. मग तिने पदर खोचला, समोर मांडी घातली आणि त्यांनी मोडलेली ती अर्धी बट्टी त्यांच्या वरणात कुस्करली.

कडूशेठ तिच्या तोंडाकडे बघत होते. धागा दिव्यावर धरल्यावर बघत, अगदी तसेच. पहिला घास गेला. दुसरा गेला. ती घाई करत नव्हती, तोंड वाकडं करत नव्हती. ताट पुसून तिने शेवटचा घास घेतला आणि त्यांच्या पेल्यातलं राहिलेलं पाणीही पिऊन टाकलं.

"काय बघून राहिले असे? मले काय आजच पाहिलं का?" ती हसून म्हणाली.

कडूशेठना रडूच यायचं बाकी होतं. कुणी सांगितलेलं नाही! ताट नुसतं घासायला नेलं असेल. बायका कधी काय घासतील याचा काय नेम? त्या दिवशी ते दुकानात भिकनशी मुद्दाम भांडले. येताना माव्याची जिलेबी आणली, आपण अर्धी खाल्ली आणि पाकाचे हात तसेच ठेवून उरलेली अर्धी तिच्या तोंडात घातली. त्या रात्री ते घोरले.

पण संशय एकदा पोटात शिरला की एका जेवणाने कुठला निघतो? सकाळ झाली की तो पुन्हा तयारच. कालच्यापुरतं खाल्लं असेल. आपण बघत होतो म्हणून खाल्लं असेल. मग कडूशेठ दुपारी बघायला बसू लागले, आणि दुपारचा धीर संध्याकाळी सुटायचा म्हणून रात्रीही. एकदा ती "आज भूक नाही" म्हणाली, तर त्यांचा चेहरा असा उतरला की तिने निमूटपणे ताट ओढून घेतलं. कधी दुधाचा पेला अर्धा पिऊन तिच्यापुढे सरकवायचा, कधी पानाचा तुकडा दातांनी तोडून द्यायचा. ती प्रत्येक वेळी घेई. तिने घेतलं की त्यांची छाती हलकी होई. खोकलाही कमी झाला असं त्यांना वाटू लागलं. भिकनलाही त्यांनी सांगितलं, "काही नाही रे, जुना डाग असेल."

निरोप आला. तिघंही गाडीने खांडव्याला गेले. भिकन बाहेर बाकावर बसला आणि नवरा-बायको आत गेले.

डॉक्टरांनी काच पुन्हा खिडकीकडे धरली, पण या वेळी फार वेळ दाखवली नाही.

"शेठजी, क्षय आहे," ते म्हणाले. "मुंबईचं मत पक्कं आहे. पण सुरुवात आहे, हे लक्षात ठेवा. डोंगरावरच्या दवाखान्यात जायचं, मोकळ्या हवेत पडून राहायचं, दूध-अंडी घ्यायची. बरीच माणसं उठून घरी येतात."

इतके दिवस ज्या शब्दाला कडूशेठ भीत होते, तो समोर आला आणि त्यांना नवल वाटलं, की आपण अजून खुर्चीवर सरळ बसलेले आहोत. कधी निघायचं, ते विचारणार होते. तेवढ्यात डॉक्टर मनकर्णाकडे वळले.

"बाई, त्या दिवशी तुम्हाला बजावलं होतं, तसं सगळं केलंत ना? खात्री होईपर्यंत यांना काही बोलायचं नाही, मुलीला दूर ठेवायचं, आणि ताट-पेला पहिल्या दिवसापासून वेगळा?"

"हो," मनकर्णा म्हणाली. "वेगळाच ठेवला."

तिच्या आवाजात कंप नव्हता. ती डॉक्टरांकडे नीट बघत होती. हिच्यावर पाळत ठेवून बसलेल्या कडूशेठना त्या एका शब्दात सगळं कळलं. हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पळीवर हात थांबला तेव्हा माहीत होतं, जिलेबी तोंडात घेताना माहीत होतं, आणि आत्ताही, नवऱ्याला शब्द लागू नये म्हणून, ही डॉक्टरशी खोटं बोलत होती.

"नाही, डॉक्टरसाहेब." कडूशेठ पुढे सरकून म्हणाले. "वेगळा नाही ठेवला. तिनं ठेवला होता, मीच ठेवू दिला नाही. माझ्याच ताटात जेवली ती. रोज. समोर बसून मी जेवायला लावली."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती काच टेबलावर ठेवली.

"अगं, का जेवलीस?" कडूशेठ तिच्याकडे वळले. "मले सांगायचं ना! ओरडायचं माझ्यावर!"

"काय सांगू?" मनकर्णाने पहिल्यांदाच मान खाली घातली. "मी जेवली, की तुम्हाला झोप लागायची."

जन्मभर खोटं पकडणाऱ्या माणसाला आपल्याच घरातलं खरं ओळखू आलं नव्हतं, आणि त्याची परीक्षा म्हणून त्याने तिला रोज विष भरवलं होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"बाई, आत या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तुमचा फोटो आज काढून ठेवू, म्हणजे पुढे ताडून बघता येईल. इतक्यात काही दिसणार नाही. दर थोड्या महिन्यांनी बघत राहावं लागेल. आणि गळ्यातलं काढून ठेवा. धातू चालत नाही."

मनकर्णाचा हात मंगळसूत्राकडे गेला आणि तिथेच राहिला. लग्नापासून तिने ते कधी काढलं नव्हतं, आणि आज, या घडीला, नवरा असा समोर बसलेला असताना तर तिच्याने काढवेना.

"माझ्यापाशी दे," कडूशेठ म्हणाले. "बाहेर आलीस की मीच घालतो."

तिने ते डोक्यावरून काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि ती आत गेली. दार लागलं. कडूशेठ मूठ मिटून बाहेर भिकनशेजारी येऊन बसले.

"काय सांगितलं, दादा?" भिकनने विचारलं. "जुना डागच ना?"

आत यंत्र घरघरायला लागलं. आपल्याबद्दल काय सांगितलं, ते कडूशेठना क्षणभर आठवेचना.

"अजून कळायचंय," ते म्हणाले, आणि दाराकडे बघत राहिले.