परिशिष्टातला केनवर्थ

मॅक ट्रकच्या नाकावरचा बुलडॉग हे विसाव्या शतकातल्या औद्योगिक स्वाभिमानाचं सर्वोच्च शिल्प आहे, असं रणजित देवधरनं स्लाइडवर टाइप केलं, आणि मग ते शिल्प माउसनं थोडं डावीकडे सरकवलं, कारण त्याचा मागचा पाय पृष्ठक्रमांकावर पडत होता.

विषय होता ‘अमेरिकन अवजड ट्रकनिर्माते आणि त्यांची डिझेल इंजिनं : एक ऐतिहासिक आढावा’. तोक्योच्या खाडीकाठच्या ज्या ट्रक कंपनीत रणजित कंत्राटावर सॉफ्टवेअर लिहायचा, तिथे इतिहासाचं खातं नव्हतं. पण विभागप्रमुख इशिकावासाननी हे काम त्याच्याकडे दिलं. त्याला इंग्रजी येतं, एवढी पात्रता पुरली. गुरुवारी संचालकांपुढे हा आढावा वाचायचा होता आणि त्याच बैठकीत ठरणार होतं, की कंपनीनं स्वतःचं सहा सिलिंडरचं इंजिन चालू ठेवायचं, की बाहेरून विकत आणून ट्रकमध्ये बसवायचं.

ते इंजिन मोरितासानचं होतं. तरुणपणी त्यांनी ते कागदावर आखलं, नंतर दर काही वर्षांनी प्रदूषणाचे नियम बदलले तसं बदलत नेलं, आणि आता केस पांढरे झाल्यावरही ते त्याला ‘हे पोर’ म्हणायचे. पोर बंद पडलं, तर मोरितासान आणि त्यांची सगळी माणसं सुट्या भागांच्या खात्यात विखुरली जाणार, हे ऑफिसात कुणी बोलत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

रणजितला हे होऊ द्यायचं नव्हतं. परदेशी भाडेकरू नको म्हणून ग्योतोकुतल्या तीन घरमालकांनी त्याला नम्रपणे कमरेत वाकून हाकललं, तेव्हा चौथ्याकडे मोरितासान स्वतः सूट घालून जामीन म्हणून आले होते. त्याची बायको मिताली आणि मुलगी नुपूर त्या घरात राहत होत्या त्या करारावरच्या मोरितासानच्या शिक्क्यावर.

तेव्हा रणजितनं इतिहासाला थोडा हात लावला. ज्यांनी स्वतःचं इंजिन जपलं ते टिकले : उदाहरणार्थ, मॅक. ज्यांनी दुसऱ्याची इंजिनं बसवली ते बुडाले : डायमंड टी, ब्रॉकवे. मधे अडचण एकच होती. केनवर्थ आणि पीटरबिल्ट या दोन कंपन्या कित्येक दशकं कमिन्सची, कॅटरपिलरची इंजिनं विकत घेऊन मजेत जगत होत्या. त्यांना त्यानं परिशिष्टात टाकलं. परिशिष्ट कुणी उघडत नाही, हा नियम पुण्यात आणि तोक्योत सारखाच आहे.

“म्हणजे तू खोटं सांगणारेस,” मिताली भांडी पुसता पुसता म्हणाली.

“खोटं कुठे? परिशिष्टात दिलंय की.”

“लग्नाच्या वेळी तुझा चष्माही परिशिष्टातच होता.”

“मिताली, मोरितासानचा प्रश्न आहे.”

ती जरा थांबली. मग ताट जागेवर ठेवून म्हणाली, “तो फोटो मोठा कर. कुत्र्याचा. लोक कुत्र्याकडे बघतात.”

जपानी ऑफिसात बैठकीत काही ठरत नाही. आधी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन आपलं म्हणणं त्याच्या गळी उतरवायचं, त्याला नेमावाशी म्हणतात. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करतात, तसं. एवढ्या वर्षांत हे आपण शिकलो याचा रणजितला अभिमान होता. सोमवारी आणि मंगळवारी तो लॅपटॉप घेऊन टेबलाटेबलानं फिरला. प्रत्येकानं मान डोलावली, बुलडॉगकडे पाहून हसू आवरलं, आणि ‘जरा अवघड आहे’ म्हटलं.

पुण्यात कुठल्याही कचेरीत ‘अवघड आहे’ म्हटलं, की बोलणी सुरू होतात; तोक्योत ती तिथेच संपतात. रणजितला पुण्यासारखा हुरूप आला.

मोरितासानकडे तो बुधवारी दुपारी गेला. ते चाचणी कक्षाबाहेरच्या व्हेंडिंग मशीनपाशी डब्यातली कॉफी पीत उभे होते. आत त्यांचं पोर लोखंडी चौकटीवर एका लयीत घुमत होतं. त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी घेतला, बाकावर बसले आणि एकेक स्लाइड पाहू लागले. बुलडॉगपाशी चेहरा उजळला.

“हा मॅकच्या मुख्य अभियंत्यानं कोरला. ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटलात पडून पडून कंटाळले होते.”

“हो, वाचलं मी.”

“आपण आजारी पडलो तर नुसतं झोपतो,” मोरितासान म्हणाले आणि पुढे गेले. शेवटच्या स्लाइडनंतर त्यांनी मागे बोट फिरवलं, पुन्हा पुढे. दातांतून हवा आत ओढली.

“केनवर्थ दिसत नाही.”

“परिशिष्टात आहे.”

“एकोणीसशे तेहेतीस. मंदी होती. लोकांना ट्रकच परवडत नव्हता, आणि यांनी त्यात कमिन्सचं डिझेल बसवून दिलं. कुणी मागितलं म्हणून नाही, नेहमीचंच इंजिन म्हणून. अमेरिकेत हे पहिल्यांदा. ते परिशिष्टात?”

रणजितनं हात पुढे करून परिशिष्ट उघडून दिलं.

“आणि पीटरबिल्टवाला पीटरमन. लाकडाचा व्यापारी. ओंडके वाहायला मनासारखा ट्रक मिळेना, म्हणून कारखानाच विकत घेतला.” हे सांगताना ते स्वतःच्या मामाबद्दल सांगावं तसं हसले. “ब्रॉकवे बुडाली, हे बरोबर. पण शेवटची वीसएक वर्षं ती मॅकच्या मालकीची होती. आणि मॅक नव्वदमध्ये पूर्ण फ्रेंचांकडे गेली, मग स्वीडिशांकडे. तुमचा मॅक एकोणनव्वदमध्येच थांबतो.”

“जागा कमी पडली, मोरितासान.”

“कुत्रा मोठा आहे.”

आतल्या इंजिनाचा वेग कुणीतरी वाढवला. मोरितासाननी मान किंचित तिरकी केली, आवाज ऐकला आणि पुन्हा सरळ केली.

रणजितनं आवाज खाली आणला. “मी केनवर्थ पुढे आणला, तर उद्या तुमचं इंजिन बंद करतील. तुम्हाला कळतंय ना? मला तुमच्यासाठी काहीतरी करायचं होतं.”

“कळतंय.” त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, तो आधीच स्वच्छ होता. “देवधरसान, त्या लोकांनी फार मेहनत केलीय. मॅकच्याही, आणि केनवर्थच्याही. त्यांना नीट बसवा.”

“आणि तुमचं पोर?”

“त्याचा यात काय दोष?” असं म्हणून त्यांनी कॉफीचा रिकामा डबा मशीनशेजारच्या भोकात टाकला, लॅपटॉप दोन्ही हातांनी परत दिला आणि चाचणी कक्षात गेले. दार बंद होईपर्यंत तो आवाज बाहेर येत राहिला.

रणजित बाकावर बसला. मग त्यानं बुलडॉग लहान केला.

गुरुवारच्या बैठकीत केनवर्थ तिसऱ्या स्लाइडवर होता, पीटरमन त्याच्या ओंडक्यांसह चौथ्या, आणि मॅक स्वीडनपर्यंत पोचला होता. दोन संचालक डोळे मिटून ऐकत होते. इथे त्याला एकाग्रता म्हणतात, आणि क्वचित ती असतेही. शेवटच्या स्लाइडवर निष्कर्ष असा होता : स्वतःचं इंजिन करणारे काही टिकले, काही विकले गेले; विकत घेणारे काही बुडाले, काही वाढले. यावरून काय करावं, हे इतिहास सांगत नाही.

रणजितला वाटलं, आता कुणीतरी विचारेल की मग तो सांगतो तरी कशाला. कुणी विचारलं नाही. मोरितासान टेबलाच्या टोकाला बसून लिहून घेत होते. पीटरमनच्या स्लाइडला त्यांनी वर पाहून एकदा मान हलवली.

इशिकावासान उठून म्हणाले, “अत्यंत संतुलित आढावा. फार शिकायला मिळालं.” मग त्याच सुरात त्यांनी पुढच्या वर्षीपासून इंजिन बाहेरून घेण्याचा ठराव वाचला. सगळे वाकले. मोरितासान सर्वांत जास्त वाकले आणि सर्वांत उशिरा वर आले.

रणजितनं इशिकावासानना लिफ्टपाशी गाठलं.

“मी उलट मांडायला हवं होतं,” तो म्हणाला. “मॅकवर थांबायला हवं होतं. कदाचित त्यांचं मत फिरलं असतं.”

“कुणाचं?”

“संचालकांचं.”

इशिकावासान त्याच्याकडे कोड्यात पडल्यासारखे पाहत राहिले. एवढी वर्षं इथे काढलेल्या माणसाला हे कसं सांगावं, याचा ते विचार करत असावेत. लिफ्ट आली. त्यांनी दार धरून ठेवलं.

“देवधरसान, ते एप्रिलमध्येच ठरलं होतं. समितीनं अहवाल दिला, बाहेरून घ्या म्हणून. आज फक्त वाचायचं होतं.”

“मग हा आढावा?”

“कार्यक्रमपत्रिकेत अर्धा तास रिकामा होता.”

“आणि समितीत कोण होतं?”

“चौघं होते,” इशिकावासान म्हणाले. “अध्यक्ष मोरितासान.”