महिपत भगताचं न्यायी अंडं

कोलशेतच्या मिठागरांत त्या दिवशी कोणी मीठ ओढलं नाही. सारा गाव वडाखाली महिपत भगताच्या दोन पितळी हंड्यांभोवती दाटला होता. सन १८८९ मधला वैशाख. जुलाबाने गावची चार लेकरं गेली होती आणि चेटूक कोणी केलं ते आज अंडं सांगणार होतं.

हंड्यांतलं तीर्थ आपण सात समुद्रांपलीकडून वाऱ्यावर बसून आणलं, असं भगत सांगत होता. स्वतः मात्र तो ठाण्याहून बैलगाडीने आला होता. बाईवरून अंडं ओवाळून तो ते हंड्यात सोडी. बाई निर्मळ असेल तर अंडं तरंगणार, चेटकीण असेल तर बुडणार. आणि तीर्थाला दुसऱ्या कोणी हात लावला तर त्याचा हात झडणार.

गंगुबाईचं अंडं उजव्या हंड्यात तरंगलं. हौसाबाईचं डाव्या हंड्यात तळाला गेलं. दिवस मावळायच्या आत तिने गाव सोडावं, असं ठरलं. तिचा नवरा दगडू मान खाली घालून बसला. बाकीच्यांना हायसं वाटलं. चेटकीण आपल्या घरची निघाली नव्हती.

गर्दीच्या कडेला हरिहर उभा होता. मुंबईच्या कॉलेजात रसायन शिकणारा हा कल्याणचा ब्राह्मण तरुण. महिन्यापूर्वी त्याने गावच्या विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून नेऊन तपासलं होतं, आणि काय सापडलं ते आज गावाला सांगायला आला होता. पण ‘द्रव’, ‘संपृक्त’ असे शब्द सुरू होताच ऐकणाऱ्या नऊ जणांतले सात भगताकडे पळाले. उरले दोघे, त्यांतला एक बहिरा, दुसरा झोपलेला.

“भगतबुवा,” हरिहर म्हणाला, “हौसाबाईंचं अंडं त्या दुसऱ्या हंड्यात घालून दाखवा.”

“तूच घाल की भटा,” भगत हसला.

हरिहरचा हात पुढे गेला आणि अडला. हात झडण्याचं भय त्याला नव्हतं. पण जन्मात तो अंड्याला शिवला नव्हता.

हौसाबाई मात्र गंगुबाईच्या अंड्याकडे एकटक बघत होती. बोराएवढा भाग पाण्याच्या वर, बाकीचा खाली. असं अंडं ती वीस वर्षं बघत आली होती. मिठागराच्या वाफ्यात अंडं इतकं वर आलं की पाणी मीठ धरायला तयार झालं, हे सांगणं तिचंच तर काम. वडाखालच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. पण हंड्याला शेंदूर लागला आणि सगळे विसरले.

गाव तर सुटलंच होतं. आता हात गेला काय, राहिला काय. तिने दोन्ही अंडी उचलली आणि हंडे बदलून सोडली. तिचं तरंगलं, गंगुबाईचं बुडालं. गंगुबाईला रडू फुटायच्या आत हौसाबाईने दोन्ही हंड्यांत बोट बुडवून चाखलं.

“ह्ये आपल्याच वाफ्यातलं पानी हाय,” ती म्हणाली. “दुसरं गोडं. चाखून बगा.”

एकेकाने चाखलं. खारं पाणी जड असतं, ते अंड्याला उचलून धरतं, गोड्याला ते जमत नाही, हे सांगताना हरिहरला एकही कठीण शब्द लागला नाही. भगत तोवर गाडी जुंपत होता.

दगडूने आता मान वर केली. “मग लेकरं कशानं गेली?”

“शेजारच्या उकिरड्याची घाण विहिरीत झिरपते,” हरिहर म्हणाला. “माझ्या सांगण्यावर जाऊ नका. उकिरड्यावर चार पाट्या मीठ टाका, वर पाणी ओता. मग रोज विहिरीचं पाणी उकळून चाखा. खारट लागलं, तर घाणही त्याच वाटेने येते.”

चौथ्या दिवशी विहीर खारट लागली. गावाने उकिरडा हलवला आणि विहीर उपसली. नव्या पाण्याची चव आधी हौसाबाईला विचारली गेली.

वाचकहो, चमत्कार दाखवणारा भेटला तर हात जोडण्याआधी भांडं मागून घ्या आणि आत काय आहे ते स्वतः बघा. कॉलेजात शिकलेला भेटला तरी तसंच करा. तो खरा शिकलेला असेल तर रागावणार नाही.