जोडीदाराचा रकाना

“परत लाल झालं बघ,” बाबांनी फोन तिच्यापुढे धरला. “तुमचं हे रुग्णालय काही मला दारात उभं करत नाही.”

डोळ्याच्या शस्त्रक्रियेची नावनोंदणी आज संध्याकाळी बंद होणार होती. पुढची फेरी थेट हिवाळ्यानंतर, आणि उजवा डोळा तोवर दम धरेल, असं काही डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या. पडद्यावर लाल ओळ होती : ‘अर्जदार आणि जोडीदार यांचा मोबाइल क्रमांक एकच असू शकत नाही.’

ओळ तिचीच होती. हा अर्ज तिच्या कंपनीने बनवला होता. कोणत्या उत्तरावर कोणता रकाना उघडायचा, तो कधी सक्तीचा आणि कधी नाही, हे सगळे नियम ‘जावा’ या संगणकाच्या भाषेत तिने लिहिले होते. ‘विवाहित’ निवडलं की जोडीदाराचं नाव आणि क्रमांक हवाच. लोक कंटाळून स्वतःचाच क्रमांक दोनदा टाकतात, म्हणून ही जादा अट.

“बाबा, दोन्हीकडे आईचाच नंबर टाकलाय तुम्ही.”

“मग? माझा फोन पाण्यात पडल्यापासून तिचाच वापरतोय ना मी. नंबर तिचा आणि माझाही तोच. खोटं काय आहे त्यात?”

खोटं काहीच नव्हतं.

“पण वर ‘विवाहित’ का निवडलंत?”

“लग्न झालंय माझं. तुला माहीत नाही होय?” ते किंचित हसले. “मोडलं तर नाही ना कधी.”

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिने यादी सरकवली आणि ‘विधुर’ या शब्दाखाली बोट ठेवलं. तोंडाने तो उच्चारला नाही. बाबांनी डोळा बारीक करून वाचला.

“हे निवडलं की जाईल अर्ज?”

“लगेच.”

“मग तूच दाब.”

तिचं बोट पुढे झालं आणि अडलं. शेवटी त्यांनीच दाबलं. जोडीदाराचा रकाना मिटला, खालच्या ओळी वर सरकल्या. मध्ये काही होतं अशी खूणही उरली नाही.

“नाव कुठे गेलं तिचं?”

“आता लागत नाही ते.”

“लागत नाही म्हणजे? एवढा वेळ बसून टाकलं होतं मी.” त्यांनी घाईघाईने पुन्हा ‘विवाहित’ निवडलं. रकाना उघडला. रिकामा.

तो रिकामाच उघडणार, हे तिला ठाऊक होतं. चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणत. त्यानेच सुरुवातीला चूक पकडली होती : मिटलेला रकाना आतून सक्तीचाच राहिला होता आणि अर्ज अडवून बसत होता. “दिसत नाहीत, पण सगळं त्यांच्याच मर्जीने. आमच्या सासूबाईच जणू,” तो म्हणाला होता. मग तिने नियम बदलला. रकाना मिटला की सक्ती उठवायची आणि आतलं सगळं पुसून टाकायचं. शंकासुरही खूश झाला होता.

“बनवलंयच तसं ते, बाबा.”

“कुणी?”

“मी.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “मग बरोबरच असेल,” ते म्हणाले.

आणि एका डोळ्याने अक्षरं शोधत ते पुन्हा आईचं नाव टाकू लागले. एक अक्षर चुकलं, ते खोडलं, परत टाकलं. तिने मदत केली नाही. नाव पूर्ण झाल्यावर त्यांनी फोन जरा लांब धरून ते नीट वाचलं. मग कुणी न सांगता वर जाऊन ‘विधुर’ निवडलं. रकाना मिटला. खालचं बटण हिरवं झालं, तेही त्यांनीच दाबलं.

थोड्या वेळाने नोंदणी झाल्याचा मेसेज आला. फोनमधून चिमणीची चिवचिव झाली. तो आवाज आईने निवडून लावलेला होता. बाबांनी तो पुरता वाजू दिला आणि मगच मेसेज उघडला.