योहानाचं अठरावं पारायण

गंगाधरशास्त्री खांबेटे यांनी बायबलातलं योहानाचं शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत सतरा वेळा वाचलं होतं, आणि सतराही वेळा त्यातून ते कोरडे ठणठणीत बाहेर आले होते. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

आता तळेगावच्या ब्राह्मणआळीतल्या माणसाला योहानाशी काय कर्तव्य, असं कुणी विचारील. तर लोणावळ्याच्या मिशन बंगल्यात दर उन्हाळ्यात विलायतेहून नव्याने आलेल्या मिसबाया मराठी शिकायला उतरत, आणि त्यांना शिकवायला शास्त्रीबुवा तळेगावहून गाडीने जात. पाठ्यपुस्तक एकच, योहान. एका बाईमागे एक पारायण. पाद्रीसाहेबांनी बोलताना एखादं वचन चुकीच्या अध्यायात ढकललं, तर शास्त्रीबुवा नम्रपणे खाकरून ते जागेवर आणून ठेवत. देव जगावर प्रीती करतो हे वाक्य कसं फोडायचं हे त्यांच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. तो तशी खरंच करतो की काय, हा प्रश्न त्यांच्या खात्यात येत नव्हता. संध्याकाळी घरी आले की मागच्या दाराने थेट न्हाणीत, डोक्यावरून दोन घागरी, आणि मगच माजघरात पाऊल. योहान गटारात, शास्त्रीबुवा पाटावर, अशी स्वच्छ व्यवस्था होती.

सतरा बाया, सतरा पास. एकही नापास नाही. हा लौकिक एकोणीसशे चोवीसच्या उन्हाळ्यात मिस पार्किन नावाच्या अठराव्या बाईने धोक्यात आणला.

पार्किनबाई स्वभावाने गरीब, श्रद्धा पर्वताएवढी, आणि मराठी मात्र मुठीत मावेल एवढी. लेखी परीक्षेत त्या कशाबशा तरत. बुडत त्या तोंडी परीक्षेत. या परीक्षेचा रिवाज असा होता, की उमेदवाराने गावातल्या एखाद्या साध्या, अडाणी माणसाला शुभवर्तमानातली एक गोष्ट सांगायची, आणि मग परीक्षकांनी त्या माणसालाच विचारायचं, 'काय समजलं?' पहिल्या खेपेला बाईंनी बंगल्याच्या माळ्याला गोष्ट सांगितली. माळी म्हणाला, "बाईंच्या पोटात दुखतंया, ओवा द्या." दुसऱ्या खेपेला स्टेशनावरच्या एका हमालाला त्यांनी मेलेल्या लाजराची, म्हणजे दोघी बहिणींच्या भावाला येशूने उठवल्याची, गोष्ट सांगितली. हमालाने डोक्याचं मुंडासं काढलं, बाईंच्या भावाच्या मरणाबद्दल हळहळ व्यक्त केली आणि दहाव्याला यायचं कबूल करून तो निघून गेला.

तिसऱ्यांदा नापास झालेल्या बाईला मिशन बोटीत बसवून परत पाठवत असे. बाई गुडघे टेकून प्रार्थना करत होत्या. शास्त्रीबुवांनी ते पाहिलं आणि त्यांच्या काळजात धस्स झालं, बाईसाठी नव्हे, स्वतःच्या लौकिकासाठी. पुण्याचा कुणी एक बी.ए. झालेला पंडित या जागेवर टपून बसलेला होता. देवावर हवाला ठेवून परीक्षेला बसणं हे त्यांच्या मते निव्वळ आळशीपणाचं लक्षण होतं. त्यांनी दुसरा उपाय काढला. सांगणारी सुधारत नाही ना, मग ऐकणारीच तयार करायची.

ऐकणारी म्हणून त्यांनी रतनबाईला धरलं. ही वलवणची एक विधवा कुणबीण. दिराच्या घरी राहायची आणि रोज सकाळी दुधाची चरवी घेऊन बंगल्यावर यायची. परीक्षेला तीन आठवडे होते. स्वयंपाकघराच्या मागे, जिथे रस्त्यावरचं कुणी पाहणार नाही अशा जांभळीखाली, तिची शिकवणी सुरू झाली.

"बेथानी नामक ग्रामी लाजर नामक एक मनुष्य रुग्ण होता," शास्त्रीबुवांनी आरंभ केला.

रतनबाईने जांभई दिली.

शास्त्रीबुवांचं लहानपण पवनेकाठच्या खेड्यात गेलं होतं, हे ते तळेगावात कुणाला फारसं सांगत नसत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, उपरणं सावरलं आणि तीस वर्षं गिळून ठेवलेली ती बोली बाहेर काढली. "आगं, येक गाव व्हतं. तितं दोघी भैनी ऱ्हायाच्या. येकुलता येक भाऊ. त्यो पडला आजारी."

"आगं बया," रतनबाई सरसावून बसली. "मंग औषिदपानी?"

"येशूकडं सांगावा धाडला. म्हनल्या, तुजा लाडका दोस्त आजारी हाये."

"मंग त्यो उठून पळतच निगाला आसंल."

"नाही," शास्त्रीबुवा पुन्हा पुस्तकी मराठीवर आले, कारण ही जागा त्यांनाही जरा अडचणीची वाटायची. "होता तिथेच दोन दिवस राहिला."

"दोन दिस? बसून ऱ्हायला?" रतनबाईचा आवाज चढला. "हितं मानूस मरतंय, आन ह्यो बसून ऱ्हायला? कसला देव म्हनायचा ह्यो?"

सतरा मिसबायांपैकी एकीनेही हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांना 'राहिला' हे क्रियापद समजलं की त्या खूश होऊन पुढे जात. शास्त्रीबुवांना एकाएकी दरवाजाशी उभे असलेले स्वतः दिसले. अठरा सालची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ होती. घरात त्यांची नऊ वर्षांची वासंती तापाने फणफणली होती, गणपती पाण्यात ठेवलेला होता, आणि ते रस्त्याकडे डोळे लावून उभे होते. वैद्य आला नाही. दुसरंही कुणी आलं नाही. तिला जायला दोन दिवस पुरले होते.

"पुढं सांगा की," रतनबाई म्हणाली.

त्यांनी पुढे सांगितलं. लाजर मेला, पुरला, चौथ्या दिवशी येशू आला. बहिणींपैकी मार्था तोंडावर बोलली, तू असतास तर माझा भाऊ मेला नसता. "बेस बोलली," असं म्हणून रतनबाईने मान डोलावली. येशू म्हणाला, तुझा भाऊ पुन्हा उठेल. मग ते त्या वचनाशी आले, जे सगळ्या मिसबायांना फार आवडायचं, कारण ते दोनच शब्दांचं होतं आणि कुणालाही बिनचूक म्हणता यायचं. येशू रडला.

"रडला?" रतनबाईने विचारलं. "त्यो तर उठीवनार व्हता न्हवं त्याला? त्याला ठावं व्हतं. मंग रडला कशापायी?"

यावर शास्त्रीबुवांपाशी दोन भाष्यकारांची दोन उत्तरं तयार होती, एक लोकांच्या अविश्वासाबद्दलचं आणि एक मनुष्यस्वभावाबद्दलचं. दोन्ही पाठ होती. ती द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मला नाही ठाऊक. त्या दोघी रडत होत्या. त्यांच्याजवळ उभा होता, म्हणून असेल."

एवढं बोलेपर्यंत त्यांचा आवाज फाटला. त्यांनी स्वयंपाकघराच्या धुराला दोष दिला. चूल पेटलेली नव्हती.

"कोन व्हतं तुमचं?" रतनबाईने हळूच विचारलं.

"मुलगी. मानमोडीत."

"माजा बजरंग बी त्यातच गेला. पाच वर्सांचा व्हता."

सहा वर्षांत शास्त्रीबुवा वासंतीबद्दल घरातही अवाक्षर बोलले नव्हते, आणि बोलले ते एका दूधवालीपाशी, मिशनच्या जांभळीखाली. त्यांना फार बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची फार लाजही वाटली.

अभ्यासक्रमात यातलं काहीच नव्हतं. तरी शिकवणी चालू राहिली. रतनबाईला लाजराची गोष्ट आठवड्यात तोंडपाठ झाली, पण उजळणीच्या नावाखाली शास्त्रीबुवांनी तिला जन्मांधाची गोष्ट सांगितली, मग विहिरीवरच्या बाईची, मग पाय धुतल्याची. परीक्षेत न येणारा भाग शिकवण्याचं पाप त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण एके दिवशी गाडीत, समोर कुणी मिसबाई नसताना, पास-नापासचा प्रश्न नसताना त्यांनी योहान उघडला. व्याकरण तपासावं म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. व्याकरण तपासायला पुस्तक पंचांगात घालून का वाचावं लागतं, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही. तळेगाव कधी मागे गेलं तेही कळलं नाही, आणि पुढे शेलारवाडीला उतरून त्यांना उलटं चालत यावं लागलं. त्या रात्री न्हाणीत त्यांनी दोनाच्या चार घागरी ओतल्या. उपयोग झाला नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक दोन. एक पुण्याहून आलेले म्हातारे डॉबसन पाद्री, चाळीस वर्षं या देशात घालवलेले. दुसरे भाषेच्या बाजूने लोणावळ्याच्या शाळेचे हेडमास्तर, जे तळेगावात शास्त्रीबुवांच्या घरापासून तिसऱ्या घरात राहत आणि ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

पार्किनबाईंनी लाजराची गोष्ट सांगितली. लाजर आजारी पडला, मेला आणि उठला. मधल्या बारीकसारीक गोष्टी घाईत गळाल्या.

"बाई, तुम्हांला काय समजलं?" डॉबसनसाहेबांनी रतनबाईला विचारलं.

इथे रतनबाईने पाच वाक्यं म्हणायची होती. शास्त्रीबुवांनी ती घोटून घेतली होती. पण गोष्ट सुरू झाली आणि रतनबाईला परीक्षेचा विसर पडला. तिने सांगावा सांगितला, ते दोन दिवस सांगितले, त्या दोन दिवसांचा राग सांगितला, मार्थाचं बोलणं सांगितलं. "आन त्यो रडला, साहेब. उठीवनार व्हता तरी रडला. मला आदी वाटायचं, देव वर बसतो आन बगतो. त्यो तसला न्हाई. त्यो उशिरा येतो, का येतो त्ये मला न्हाई कळत, पर आला म्हंजी आपल्यासंगं रडतो. माजा बजरंग गेला तवा बी त्यो आला आसंल. मीच वळखला न्हाई."

डॉबसनसाहेबांनी चष्मा काढला. "यातलं निम्मं मिसबाईंनी आत्ता सांगितलंच नाही. तुम्हांला हे कुणी शिकवलं?"

"शास्त्रीबुवांनी," रतनबाई सरळ म्हणाली. "सांगता सांगता डोळं भरलं त्यांचं. येवडा शिकल्याला मानूस रडला, तवा म्हनलं ह्ये खरं आसनार."

साहेब रागावले असते तर शास्त्रीबुवांनी निभावून नेलं असतं. पण म्हाताऱ्याचा चेहरा दिव्यासारखा उजळला, आणि ते फार वाईट झालं. "शास्त्रीबुवा! तुम्ही? तुम्ही ओळखता त्याला?"

हेडमास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.

शास्त्रीबुवांना त्या खुर्चीचा आवाज ऐकू आला आणि त्यामागून सगळी ब्राह्मणआळी ऐकू आली. "छे, छे!" ते म्हणाले. "मी भाषा शिकवतो. त्या पुस्तकातल्या कुणाशीही माझी ओळख नाही. आणि ही बाई? ही इथे दूध घालते, यापलीकडे मी हिलाही ओळखत नाही. रडणं वगैरे सगळा हिच्या मनाचा खेळ."

येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याच्या पेत्र नावाच्या शिष्याने कोंबडा आरवायच्या आत तीन वेळा त्याची ओळख नाकारली होती. शास्त्रीबुवांनी सगळं काम एका दमात उरकलं. कोंबडा मात्र आरवला नाही, कारण बंगल्यावरचे दोन्ही कोंबडे दुपारी साहेबलोकांच्या जेवणात खर्ची पडले होते.

रतनबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने हेडमास्तरांकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"चुकलं साहेब माजं," ती म्हणाली. "मिसबाईच रोज दुधाच्या वक्ताला सांगत व्हत्या. बुवा नुसतं बाजूला बसल्यालं असायचं. आन रडल्या त्या बी मिसबाईच."

पार्किनबाईंना यातलं फारसं कळलं नाही, पण 'मिसबाई' हा शब्द ऐकून त्या "होय" म्हणाल्या. उच्चार निर्दोष होता. हेडमास्तर खुर्चीत मागे टेकले. डॉबसनसाहेब बराच वेळ शास्त्रीबुवांकडे पाहत होते. शेवटी त्यांनी कागद ओढला आणि पार्किनबाई उत्तीर्ण असा शेरा लिहिला. अठरा बाया, अठरा पास. पुण्याचा बी.ए. पुण्यातच राहिला. हेडमास्तरांनी शास्त्रीबुवांचं अभिनंदन केलं. शास्त्रीबुवांना ते कानफटात मारल्यासारखं लागलं.

स्टेशनाच्या उतारावर त्यांनी रतनबाईला गाठलं. हेडमास्तर गाडी पकडायला केव्हाच पुढे गेले होते.

"खोटं का बोललीस?" ते चिडून म्हणाले. चिडण्यासारखं दुसरं कुणी त्यांना सापडलं नव्हतं.

"तुमाला त्या गावात ऱ्हायाचंय, बुवा. मला काय, दूधच इकायचंय."

"मी तुला ओळखत नाही म्हणालो."

"ऐकलं म्या."

ती चालत राहिली. शास्त्रीबुवाही तिच्या दोन पावलं मागे चालत राहिले. माफी कशी मागायची याचे शंभर नमुने त्यांनी सतरा बायांना शिकवले होते. त्यातला एकही आठवेना.

"खोटं बोलले त्ये मी येशूला सांगून टाकलं," रतनबाई म्हणाली. "वाटंनं येता येताच. आन तुमचं बी सांगितलं."

शास्त्रीबुवा जागच्या जागी थांबले. "माझं? माझं काय सांगितलंस?"

"ह्येच की, मानूस भ्यालाय. पर तुला वळखतो."

शास्त्रीबुवांनी मागे पाहिलं. पुढे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. योहानाच्या एकवीसही अध्यायांत याच्या पुढचं लिहिलेलं नव्हतं, आणि ज्याला सगळं पाठ होतं त्या माणसाला ते आता या दूधवालीखेरीज कुणी सांगण्यासारखं नव्हतं. ते तिच्याजवळ आले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"मग? काय म्हणाला?"