मिरिनवर भुंकणारं यंत्र

ओसाकाच्या कारखान्यात शिगेकी गॅसगळती ओळखणारी यंत्रं बनवायचा. त्यातलंच एक त्याने गावी आईच्या शेगडीजवळ, भिंतीवर जमिनीलगत बसवलं होतं. आई माशांच्या कालवणात मिरिन, म्हणजे स्वयंपाकाची गोड दारू, ओतायची आणि भोंगा वाजायचा. यंत्रातल्या तापलेल्या कथिलाच्या ऑक्साइडला दारूची वाफ आणि गॅस यांतला फरक कळत नसे.

“तुझं कुत्रं आज पुन्हा भुंकलं,” ती फोनवर म्हणाली. “शेजारच्या नोगामीवहिनी विचारतात, काय हो, सकाळपासूनच पिता की काय?”

तो हसला. “मग शिजवताना प्लग काढत जा ना, आई. झालं की परत लाव.”

वाफ अडवणारी कोळशाची गाळणी त्याच्या खणात पडून होती. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीत घरी जाताना नेऊ, असं त्याने ठरवलं होतं.

ओबोनच्या नऊ दिवस आधी शेगडीची रबरी नळी सुटली. गॅस साचला आणि काडी ओढताच भडका उडाला. आई वाचली नाही. भिंतीवरचं यंत्र शाबूत होतं. त्याची वायर खुंटीवर नीट गुंडाळलेली होती.

शिगेकीने ते कारखान्यात आणलं. रीतीप्रमाणे दोन दिवस तापत ठेवलं, मग काचेच्या पेटीत थोडा गॅस सोडला. भोंगा तत्काळ वाजला.

“बघ, तुझ्या कामात खोट नव्हती,” मुकादम समजुतीने म्हणाला.

“यंत्रात नव्हती,” शिगेकी म्हणाला.

भोंगा वाजतच होता. त्याने प्लगला हात लावला नाही.