पुढच्या जन्माचा होकार

टेलरबाई खोटं बोलत नसत. बुद्धाचं पंचशील त्यांनी माहेराहून आणलं होतं, आणि त्यातलं खोटं न बोलण्याचं शील गिऱ्हाइकांना चांगलंच महाग पडे. "हा रंग तुम्हाला मुळीच खुलत नाही," असं तोंडावर सांगणाऱ्या बाईचं दुकान चालतं तरी कसं, याचं यजमानांना कायम नवल. यजमान पुस्तकांची बांधणी करायचे, आणि आत्मा, कर्म, पुनर्जन्म यांवर त्यांचा गाढ विश्वास. रोज चहाला दोघांची जुंपायची.

"आत्माच नाही, तर परत येणार कोण?"

"मीच. याच नाकासकट."

"अहो, तुमच्यातही जन्ममरणातून सुटायचंच असतं ना? मोक्ष का काय तो."

"तो शेजाऱ्यांना दे. मला परत यायचंय."

मग यजमानांचं हृदय कुरकुरायला लागलं. ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर दारापाशी थांबलं तेव्हा थट्टा कुठल्या कुठे पळाली होती. त्यांनी गार पडलेल्या हाताने बाईंचा पदर धरला.

"पुढच्या जन्मी भेटशील ना? एकदा हो म्हण."

सगळं अनित्य आहे, धरून ठेवलं की दुःख आलंच. लहानपणापासून ऐकलेलं सगळं बाईंच्या ओठांशी आलं. पण त्या म्हणाल्या, "हो. येईन."

स्ट्रेचर आत गेलं. बाकावर बसून बाई ढसाढसा रडल्या. नवऱ्यासाठी रडतोय की मोडलेल्या शीलासाठी, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

थोड्या वेळाने स्ट्रेचर गेलं तसं परत आलं. आतलं कुठलंसं मशीन बिघडलं होतं, दुरुस्त होईपर्यंत थांबा म्हणे. यजमान तोंड पाडून छताकडे बघत होते.

"काय झालं? दुखतंय का?"

"तू खोटं बोललीस," ते म्हणाले. "तेही माझ्यापायी. आता त्याचं फळ तुला भोगावं लागणार. आत तेवढंच डोक्यात घोळत होतं, ऑपरेशनची भीतीसुद्धा विसरलो बघ. मी मागणं मागे घेतो. तू नको येऊस. सुटलीस तू."

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. नको येऊस? इतकी वर्षं ज्याला त्या वेडेपणा म्हणत आल्या, तेच कुणी हिसकावून नेल्यासारखं झालं. तृष्णा म्हणतात ती हीच, हे त्यांना लख्ख दिसत होतं. दिसूनही ती सुटत नव्हती.

मशीन सुरू झालं. वॉर्डबॉय आला, "चला काका," म्हणाला. बाईंनी स्ट्रेचरची दांडी घट्ट धरली.

"ऐका. येईन म्हणाले, ते खोटं होतं." त्या खाली वाकल्या. "पण यावंसं वाटतं. हे खरं आहे."

यजमानांनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. आयुष्यभर ही बाई त्यांच्याशी खोटं बोलली नव्हती, एकदा सोडून.

"बास," ते वॉर्डबॉयला म्हणाले. "आता न्या मला."