रात्रीचं सोडलं

कुसाबाई पंचवटीच्या बाजारातून दिवेलागणीला परतायची, आणि पाटीत जे विकायचं राहिलं तेच घरी शिजायचं. मळ्यातला, स्वतःच्या हाताने खुडलेला माल. गिऱ्हाईकाने नाक मुरडलं म्हणून काय उकिरड्यावर टाकायचा? सुनेने पाटी उतरवून घ्यायची आणि विचारायचं, "आत्या, काय करू?" मग कुसाबाईने पाय धुता धुता सांगायचं. गिलकी राहिली तर गिलकी, शेपू राहिला तर शेपू. मुलगा रविराज ओझरच्या कारखान्यात कामाला होता, तिथे साहेबांचं ऐकायचा. पण त्याच्या ताटात काय पडायचं ते आईच ठरवायची. त्या एका प्रश्नावर अख्खं घर तिच्या मुठीत होतं.

सुनेला, निकिताला, दवाखान्यात नावं लिहून घ्यायची नोकरी लागली आणि तो प्रश्नच बंद झाला. रविवारी बसून ती आठवड्याचं ठरवून मोकळी व्हायची. सोमवारी खिचडी, मंगळवारी मटकीची उसळ, बुधवारी पिठलं-भात. मटकी आधीच भिजलेली, कांदा चिरून फ्रीजमध्ये.

एका मंगळवारी कुसाबाईने दोडकी आणून थेट ओट्यावर ठेवली. निकिताने ती अलगद बाजूला सारली आणि कुकर चढवला.

"उद्या डब्याला करते हं, आत्या."

"म्हंजे माझा माल शिळा करून खायचा?"

"तसं नाही हो. घरी यायला सात वाजतात, मग सृष्टीचा अभ्यास. ठरलेलं असलं की डोक्याला ताप नाही."

"सासूला इचारायचा ताप, आसं म्हण की. माहेरनं, घोटीहून येताना भात उपसायचा झारा घिऊन आली, आता माझ्या घरावर चालवती."

रविराज घास घेत हसला. "आई, उसळ झकास झालीये. बस ना."

त्याचं ते हसणं तिला झोंबलं. "मला नको. आजपासनं म्या रात्रीचं सोडलं."

कुसाबाईची सासू रागाने ताटावरून उठली की सगळं घर हात आखडून बसायचं. इथे रविराज म्हणाला, "बरं केलंस. कारखान्यातले डॉक्टर तेच सांगतात, या वयात रात्री हलकं असावं." आणि निकिताने तर हातच जोडले. तिला वाटलं, व्रत धरलं.

सकाळी निकिताने शेजारच्या लंकाबाईला सांगितलं. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. लंकाबाई येऊन पाया पडली. "लय मन घट लागतं गं कुसा. माझ्याच्यानं एक एकादशी निघत नाय."

"निघंल कशी? तोंड मिटलं तर तुझा जीव जाईल," कुसाबाई म्हणाली. पण आता तिचंही तोंड मिटलंच होतं. गल्लीने पाया पडून घट्ट केलेलं व्रत भुकेसाठी कसं मोडणार?

रात्री बाजरीची भाकरी खाणारी घरात ती एकटीच. भाकरीचा तवा खिळ्याला गेला. जेवणाच्या वेळी ती उंबऱ्यात पाठ करून बसायची; आतून ताटल्या वाजायच्या.

असेच काही आठवडे गेले. एका शुक्रवारी निकिताला दवाखान्यातून निघायला उशीर झाला. भिजवलेलं काही नाही, आणि त्या रविवारी आठवड्याचं ठरवायचंही राहून गेलं होतं. कुसाबाईही त्या दिवशी उशिराच आली, तशी सुनेने धावत येऊन पाटी उतरवून घेतली. आत काटेरी, कोवळी वांगी होती.

"आत्या, काय करू?"

कुसाबाईने पाय धुवायला घेतलेला तांब्या तसाच धरला. घसा खाकरला. "भरली वांगी कर. शेंगदाण्याचा कूट घाल, काळा मसाला घाल. तेलाला हात आखडू नको."

"आणि चपात्या टाकते. भाकरी आता कोण खाणार?"

"कोण खाणार," कुसाबाई म्हणाली.

थोड्या वेळाने मसाल्याचा वास उंबऱ्यापर्यंत आला. तिने पदर नाकाला लावला, मग काढला. आत सृष्टी बोटं चाटत ओरडली, "आजी, लय भारी झालीत!"

"मीठ कमी पडलंय," कुसाबाई मागे न वळता म्हणाली. "वासावरनं कळतं मला."

आत सगळ्यांचे घास थांबले. रविराजने पुन्हा चाखून बघितलं.

"नाही गं आई, बरोबर आहे," तो म्हणाला, आणि शेवटचं वांगं ताटात ओढलं.